ऑगस्ट एकोणनव्वदचा मालक

कुणाच्याही घरी गेला की तो आधी वाकायचा. दारात बूट काढले, मिठाईचा डबा यजमानीणबाईंच्या हातात दिला, की कमरेत वाकून समोर असेल त्या टेबलाखाली एक नजर टाकायचा. मग सरळ व्हायचा आणि म्हणायचा, "काय म्हणता, बरं नं?"

आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा माझी आत्येसासू कॉफी टेबलासमोर बसली होती. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली, कुणी भेटायला येईल का म्हणून दाराकडे डोळे लावून. हा वाकला. तिला वाटलं, नमस्कारालाच वाकला. "शतायुषी हो रे बाळा," म्हणून तिनं हात पुढे केला. डोकं टेबलाखाली गेलेलं होतं, त्यामुळे हात पाठीवर पडला. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. हा बाहेर आला, रीतसर तिच्या पायाला हात लावला आणि पुन्हा आशीर्वाद घेतला. दुसऱ्या दिवशी गाडीत मला म्हणाला, "ताई, टेबलाखाली काही नव्हतं तुमच्या. पण शंभर वर्षं भेटली. सौदा वाईट नाही."

आम्ही दोघं अमेरिकेतल्या कॅरी गावाहून एकाच गाडीतून ऑफिसला जायचो. एका औषध कंपनीत मी चाचण्यांच्या आकडेवारीचं काम बघायचे, तो त्याच इमारतीत सॉफ्टवेअर लिहायचा. एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा त्याची. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नागपूरचा. मी त्याला अरेतुरे करायचे, तो मला ताई म्हणायचा. पेट्रोल वाचतं म्हणून मी हे सुरू केलं होतं. करमणूक होईल अशी अपेक्षा नव्हती.

वाकण्याची सवय त्याला गराज सेलनं लावली. तुम्ही इकडं राहिला असाल तर शनिवार सकाळचे ते सेल तुम्हाला माहीत असतील. गराजचं दार वर, समोर घडीची टेबलं, त्यावर कपबशा, दिवे, कुणाच्या तरी आजीचा टोस्टर. बाकीचे लोक टेबलावरचं बघायचे. हा थेट खाली.

"टेबलावर असते ते लोकांना विकायचं असते," तो मला समजावून सांगायचा. "टेबलाखाली खोक्यात असते ते लोक विसरलेले असतात. आपल्याला विसरलेलं पाहिजे."

आता त्याला काय पाहिजे होतं ते सांगते. एकोणीसशे एकोणनव्वदच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत जेवढे म्हणून व्हिडिओ गेम बाजारात आले, ते सगळे त्याला पाहिजे होते. जुलैचे नाही. सप्टेंबरचे नाही. सप्टेंबरचा एखादा उत्तम गेम, डब्यासकट, कुणी फुकट देऊ केला तरी तो हात मागे घ्यायचा. "नको. सवय लागेल."

मी म्हटलं, "अरे, लोक गोळा करतात तर सगळेच करतात."

"सगळे गोळा करणारे येडे असतात, ताई. मी एका महिन्यापुरता येडा आहे. बाकी अकरा महिने तुम्ही माझ्याकडून टॅक्सचा सल्ला घेऊ शकता."

टॅक्सचा सल्ला मी खरोखरच त्याच्याकडून घ्यायचे.

आणखी एक नियम होता. इंटरनेटवरून काही मागवायचं नाही. मी सरळ हिशेबी बाई. मी विचारलं, "एका संध्याकाळी बसून लिलावात बोली लावलीस तर अख्खा महिना घरपोच येईल. दर शनिवारी पहाटे उठून लोकांच्या गराजमध्ये काय वाकतोस?"

"ती शॉपिंग झाली."

"मग हे काय आहे?"

"हे शोधून राहिलो नं मी."

"फरक काय दोन्हीत?"

"शॉपिंगला वाकावं लागत नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या मते विषय संपला.

कुठला गेम ऑगस्टचा आणि कुठला नाही, हा एक स्वतंत्र शास्त्रार्थ होता. तेव्हा म्हणे गेम अमुक तारखेलाच आला असं काही नसायचं. ट्रक निघायचा जुलैच्या अखेरीला, दुकानात खोकं फुटायचं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि मासिकात जाहिरात आधीच जूनमध्ये येऊन गेलेली. मग तो गेम कुठल्या महिन्याचा? एकदा पाऊण तास ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना त्यानं मला हे सगळं सांगितलं. पंचांगकर्ते जसं सूर्योदयाला जी तिथी ती दिवसाची तिथी म्हणतात, तसं त्यानं ठरवून टाकलं होतं: दुकानाच्या फळीवर ज्या महिन्यात लागला, त्या महिन्याचा. या न्यायानं कराटेचा एक गेम बाद झाला होता आणि बेसबॉलचा एक आत आला होता. बेसबॉल त्याला अजिबात आवडत नसे. पण न्याय म्हणजे न्याय.

हे सगळं तोंडपाठ. कुठं लिहिलेलं नाही. कुणी विचारलं की तो डोळे मिटून म्हणायला लागायचा, रामरक्षा म्हणावी तसा, एका लयीत: अंतराळातलं विमान, मग बेसबॉल, मग किल्ला, मग मोटारींची शर्यत... मध्येच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून.

हाच महिना का, हे मी बरेच दिवस विचारलं नाही. माणसं काहीतरी दुःखद सांगतात आणि मग आपण गाडी चालवताना काय बोलायचं हा प्रश्न पडतो. शेवटी त्यानंच सांगितलं, आणि दुःखद वगैरे काही नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये तो एमएस करायला इथं आला. चार मुलं एका खोलीत, एसी बिघडलेला, कॉलेज सुरू व्हायला अवकाश. मॉल थंड होता, म्हणून तो दुपारी चालत मॉलमध्ये जाऊन बसायचा. तिथं खेळण्यांच्या दुकानात मुठीत मावणारं नवं गेमचं यंत्र आलं होतं, आणि गिऱ्हाइकांनी खेळून बघावं म्हणून एक यंत्र काउंटरला साखळीनं बांधून ठेवलं होतं. मागे रांग शाळकरी पोरांची. रांगेत मिशी असलेला एकटा हाच. "अमेरिकेत माझ्याशी आपणहून बोललेलं पहिलं माणूस म्हणजे एक आठ वर्षांचं पोट्टं," तो म्हणाला. "मला म्हणे, 'मिस्टर, यू आर डूइंग इट राँग.'"

"मग?"

"मग काय. बरोबर म्हणत होतं ते. सरकलो बाजूला."

भिंतीवर नव्या गेमचे डबे लावलेले असत. विकत घेणं शक्य नव्हतं, पण डबा उलटा करून मागचा मजकूर वाचायला कुणाची ना नव्हती. त्यानं महिनाभर त्या भिंतीवरचे सगळे डबे मागून वाचले. मग कॉलेज सुरू झालं, पहिला पगार आला, आणि गेमपेक्षा कुकर जास्त गरजेचा निघाला.

त्याची बायको मेघा नेटकी मुलगी होती, बँकेत नोकरी करणारी. तिला मी एकदा विचारलं, "तुला याचा त्रास नाही होत?" ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "कुणाचा नवरा दारू पितो, कुणाचा शेअर बाजारात जातो. माझा एकोणनव्वद सालात जातो. जेवायला परत येतो. चालतंय." फक्त एक अट होती. एकोणनव्वद साल गराजच्या वरच्या बोनस रूममध्येच राहील, खाली उतरणार नाही.

शेवटी एक गेम उरला. त्या दुकानात साखळीला बांधलेल्या यंत्रात जो होता तोच. यंत्रात सरकवायचं, काड्यापेटीहून जरासं मोठं राखाडी कार्ट्रिज, त्यावर चित्र: चंद्र, समुद्र, लांब एक दीपगृह आणि अलीकडे एक होडी. होडीवाल्यानं बेटाबेटांतून वाट काढत दीपगृहापर्यंत जायचं. हा तिसऱ्या बेटापर्यंत पोचायचा आणि मागची रांग ओरडायला लागायची.

ऑक्टोबरमध्ये एका चर्चच्या सेलमध्ये, टेबलाखालच्या बुटांच्या खोक्यात, मोज्यांच्या आणि केबलच्या गुंत्यात त्याला ते मिळालं. सोमवारी ऑफिसात पेढे. "माय ऑगस्ट इज कम्प्लीट," असं तो प्रत्येकाला सांगत फिरला. त्याच्या टीममधल्या एका बाईनं त्याला मिठी मारून 'मुलगा की मुलगी' विचारलं. त्यानं तिलाही पेढा दिला.

"खेळलास का मग? तिसऱ्या बेटाच्या पुढं गेलास?" मी विचारलं.

"घाई काय आहे ताई? आता घरातच आहे नं." आणि त्यानं ती होडी इतर तीन छोट्या कार्ट्रिजबरोबर एका निळ्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली. हा निळा पत्र्याचा डबा तुमच्याही घरी असेल. त्यात कधीही बिस्किटं नसतात.

संक्रांतीला त्याच्या मुलीचं बोरन्हाण होतं. मेघाची आई मुद्दाम अमरावतीहून आली होती. हलव्याचे दागिने हातातल्या पिशवीत घेऊन, आणि विमानतळावर ते उघडून बघणाऱ्या साहेबालाही चार दाणे देऊन आली होती. बोरं अर्थातच मिळाली नाहीत. इंडियन स्टोअरवाल्यानं तीन आठवडे 'पुढच्या ट्रकमध्ये' म्हणून सांगितलं. शेवटी मार्शमेलो, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी असं ठरलं. शनिवार दुपार, वीसेक माणसं, दिवाणखान्यात मध्ये चादर, चादरीवर काळं झबलं आणि हलव्याचा मुकुट घातलेली, सगळ्यांकडे संशयानं बघणारी त्याची लेक.

आजीबाईंनी लेकीच्या डोक्यावरून मार्शमेलो सोडले. पोरं चादरीच्या कडेला धावण्याच्या शर्यतीत उभी राहतात तशी उभी. मेघा जावळ सावरत ओरडली, "अहो, नाणी वर राहिली! निळा डबा आणा!"

तो एका हातात कॅमेरा धरून शूटिंग करत होता. तसाच जिना चढला, तसाच निळा डबा घेऊन उतरला, डोळा कॅमेऱ्यालाच. डबा सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी झाकण काढून तो लेकीच्या पायापाशी पालथा केला. पोरांनी उडी घातली. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये, मी स्वतः नंतर पाहिलंय, त्याचाच आवाज स्पष्ट ऐकू येतो: "लुटा! लुटा रे! मागं राहू नका! ईशा, घे घे, तिकडचं घे!"

बोनस रूममध्ये निळे डबे दोन होते. ते पाहुणे गेल्यावर लक्षात आलं.

मी भांडी आवरायला थांबले होते, म्हणून पुढचा प्रकार मला प्रत्यक्ष बघता आला. तो सोफ्यावर बसला होता. मांडीवर दुसरा डबा, त्यात सोनेरी नाणी. मग उठला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

"कुठं चालले?" सासूबाई.

"आणायला."

"काय आनाले? लूट?" सासूबाईंनी हातातला पदर खाली सोडला. "लेकराच्या बोरन्हानाची लूट परत मागाले चालले तुम्ही? बाप्पा! मागत नस्तेत ते. लेकरावरून उतरवलेलं असते. मागतलं का लेकराले लागते."

"मी बदल्यात दुसरं देतो, आई. चांगलं खेळणं देतो."

"बदल्यात घेनं म्हनजे मागनंच झालं."

मेघा आईच्या बाजूनं उभी राहिली. माहेरची रीत हे एक कारण, आणि आपला नवरा घरोघर फिरून पोरांच्या हातातली खेळणी काढून घेतोय हे चित्र, हे दुसरं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी रीतीभातींच्या भानगडीत पडत नाही. पण कुठल्याही नियमात एक फट असते एवढं मला नोकरीनं शिकवलं आहे. मी विचारलं, "मावशी, आणि पोरानं आपणहून दिलं तर?"

मावशींनी बराच विचार केला.

"सोताहून देल्लं तर गोष्ट अलग," त्या म्हणाल्या. "पन सोताहून. तोंडानं मागाचं नाही."

अशा रीतीनं पुढचे दोन आठवडे ऑफिसातून घरी येताना आम्ही वाट वाकडी करून लोकांकडे 'सहज' जायला लागलो. आमच्या गावात फोन केल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. पहिल्या घरी दार उघडून आम्हा दोघांना बघितल्यावर त्या बाईचा चेहराच पडला. "काय झालं? इंडियातून काही फोन?" तिला शांत करण्यात चहा थंड झाला. तिच्या जुळ्या मुलांकडे एक कार्ट्रिज होतं आणि त्यावरून घरात चार दिवस मारामारी चालू होती. हा त्यांच्यासमोर बसून नुसते सुस्कारे टाकत राहिला. तोंडानं मागायचं नव्हतं ना! थोरल्यानं ते त्याच्या हातात कोंबलं. धाकट्याला मिळण्यापेक्षा काकाला गेलेलं बरं, असा विचार.

दुसऱ्या घरी चार वर्षांच्या मुलानं ते मातीच्या गोळ्यात रुतवून त्याला डायनासोर केलं होतं. डायनासोर मोडला, तेव्हा त्यानं अवशेष आपणहून दिले. तिसऱ्या घरची मंडळी सगळ्यांत हुशार. आईनं ते मुलाकडून त्याच संध्याकाळी काढून कपाटात कुलपात ठेवलं होतं. तिनं आम्हाला आत बोलावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या ऑफिसचं आहे नं हे? कॉन्फिडेन्शियल? मी ह्यांनासुद्धा दाखवलं नाही." मुलाला बोलावून त्याच्याच हातून देववलं. हा इतक्या गंभीरपणे "थँक यू फॉर युअर डिस्क्रीशन" म्हणाला, की मला बाहेर गाडीत जाऊन हसावं लागलं.

उरली होडी. ती ईशाकडे होती.

ईशा पाच वर्षांची, आमच्या शेजारच्या गल्लीतली. तिची आई रश्मी आम्हाला वरच्या खोलीत घेऊन गेली. कोपऱ्यात बाहुल्यांचं लाकडी घर होतं, दुमजली. खालच्या दिवाणखान्यात बाहुलीबाबा, बाहुलीआई, बाहुलीआजी आणि एक रबरी बेडूक असे ओळीनं भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंतीला टेकून होडी. चंद्र, समुद्र, दीपगृह.

तो गुडघ्यावर बसला. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "हे काय आहे गं?"

"धिस इज देअर टीव्ही."

"छान आहे. दुकानात बाहुल्यांचा खरा टीव्ही मिळतो, माहीतये? बटणं असलेला."

हे मागणंच होत आलं होतं. मी घसा साफ केला.

ईशानं त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आय हॅव दॅट वन. त्याच्यावर काही लागतच नाही." हे खरं होतं. तो टीव्ही आतल्या बाजूला कपडे वाळत घालायला वापरला होता.

"ह्याच्यावर काय लागतं मग?"

"आय डोन्ट नो. बोट आहे. तू सांग."

झालं. अमेरिकेतल्या एवढ्या माणसांत तो कार्यक्रम ठाऊक असलेला माणूस तिच्यासमोर बसला होता. त्यानं मांडी घातली आणि डब्यामागचा मजकूर, सतरा वर्षांपूर्वी उभ्यानं वाचलेला, मराठीत सांगायला सुरुवात केली. पहिल्या बेटावर खेकडे. होडीवाल्यानं होडीत काय भरलंय? ईशा म्हणाली, स्नॅक. मग संत्री भरली. आपला माणूस आहे, संत्रीच भरणार. अर्ध्या तासानं मी घड्याळ दाखवलं तेव्हा होडी पहिल्या बेटालाच अडकली होती.

"अँड देन?" ईशा.

"पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला. जिन्यात माझ्या कानाशी म्हणाला, "बघा ताई, दोन-तीन भागांत कंटाळेल. मग सोताहून देईल."

ती कंटाळली नाही. दर गुरुवारी येताना रश्मीच्या घरासमोर गाडी थांबायची. माझ्या आठवड्यात मी गाडीत बसून फोन उरकायचे, त्याच्या आठवड्यात किल्ली त्याच्या खिशात, म्हणून मला वर जाऊन ऐकावं लागायचं. दुसऱ्या बेटावर वादळ झालं. मग होडीवाल्याची सासू अमरावतीहून पोहत आली आणि होडीत बसली. मूळ गेममध्ये सासू नसावी असा माझा अंदाज होता, पण ईशाला ती सगळ्यांत आवडली. तिनं बाहुलीआजीला जागेवरून उठवून टीव्हीच्या जवळ बसवलं.

मेमध्ये होडी तिसऱ्या बेटावर पोचली.

"आता काय?" मी गाडीत विचारलं.

"आता पंचाईत. तिसऱ्या बेटाच्या पुढं काय आहे मला कुठं माहीत? डब्याच्या मागंही नव्हतं."

"मग कार्ट्रिज यंत्रात घालून बघ की."

"ताई," तो म्हणाला, "टीव्ही तिच्याकडं आहे."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं अडकलेली पाहिली आहेत, व्हिसात, लग्नात, घराच्या हप्त्यात. याच्याइतकं नीटनेटकं अडकलेलं कुणी पाहिलं नाही. पुढचं सगळं त्यानं रचलं. चौथं बेट, पाचवं बेट, काही आठवड्यांनी तर बेटांवर टोलनाके आले. दीपगृह दिसायचं आणि धुकं पडायचं. आणि बोनस रूममध्ये, फळीवर ऑगस्ट एकोणनव्वद मांडलेला होता त्यात एक छोटी जागा रिकामी होती. मेघा म्हणाली, धूळ पुसताना त्या जागेवर तो स्वतः फडकं मारतो. मी विचारलं, "त्रास होतो का रे?" तर म्हणाला, "होतो नं. रोज होतो." आणि गाणं लावलं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात कंपनीनं त्याचा सगळा विभागच पुण्याला हलवला आणि त्याला तिकडं माणसं जमवायला पाठवायचं ठरलं. मेघा खूश. तो माझ्यासमोर पंचेचाळीस खोकी बांधताना म्हणाला, "एकच गोष्ट राहिली." मी ओळखलं. "सातवं वर्ष लागलंय तिला, ताई. बाहुल्या सुटतील आता. फक्त चार दिवस आहेत. पण मी मागणार नाही."

निघायच्या आदल्या दिवशी रश्मी ईशाला घेऊन त्याच्या घरी आली. घर रिकामं, भिंतींवर खिळे. खोकी हॉलमध्ये रचलेली, ऑगस्टचं खोकं वेगळं, अजून टेप न लावलेलं. रश्मीला सगळा इतिहास कळला होता. कुणी सांगितला ते मी सांगणार नाही, पण बोरन्हाणाचं रेकॉर्डिंग पाहिलेली बरीच मंडळी होती.

"दे काकांना," रश्मी म्हणाली. "ईशा, काय ठरलं होतं आपलं? काकांचं आहे ते. से बाय नाइसली."

ईशानं मूठ पुढं केली. मुठीत होडी. तिचा चेहरा इंजेक्शनला दंड पुढं करताना होतो तसा होता. डोळे लाल, पण रडणार नाही असं ठरवून आलेली.

त्यानं होडी हातात घेतली. मी त्याच्याकडे बघत होते. साडेचार-पाच वर्षांचे शनिवार, सगळी टेबलं, एक रिकामी जागा, आणि बाजूला उघडं खोकं. त्यानं अंगठ्यानं दीपगृहावरची धूळ पुसली. मग उलटं करून मागचं बघितलं. मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "आई! जरा खाली या नं!"

मेघाची आई पुन्हा आलेली होती, सामान बांधायला. त्या खाली आल्या.

"आई, हिनं हे मला देल्लं. पण हिच्या मम्मीनं सांगितलं म्हणून देल्लं. हे सोताहून झालं का?"

सासूबाईंनी ईशाकडे पाहिलं, रश्मीकडे पाहिलं, आणि मग जावयाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"नाही झालं," त्या म्हणाल्या.

"बघा. फाउल." त्यानं होडी ईशाच्या मुठीत परत ठेवली आणि मूठ वरून बंद केली. "मला चालत नाही असं. नियम आहे." मग उठला, ऑगस्टचं खोकं बंद केलं आणि त्यावर टेप लावली. टेप सरळ लागली नाही. एरवी खोकी बांधण्यात तो फार नेटका होता.

रश्मी 'अहो पण, अहो पण' करत राहिली. मी तिला म्हटलं, "चल, चहा कर. कप बांधायचे राहिलेत अजून." कुणीतरी तिला तिथून हलवायला हवं होतं.

पुण्यातून त्याचे फोन येतात. घर मिळालं, ट्रॅफिक भयंकर, नवी पोरं हुशार आहेत पण आपल्याला सर म्हणतात. गेमचं नाव काढत नाही. फोन ठेवताना फक्त, "तिकडं टीव्हीवर काय चालू आहे ते बघा एकदा, ताई."

ऑफिसला मी आता एकटीच जाते. पेट्रोल जास्त लागतं. परवा एका गुरुवारी येताना सवयीनं गाडी रश्मीच्या दारात थांबली, तर मी वर गेले. ईशाची शाळा सुरू झाली होती, टेबलावर वह्या होत्या. पण कोपऱ्यात घर होतं तसंच होतं. बाबा, आई, बेडूक ओळीनं, आजी सगळ्यांच्या पुढं.

"काय चाललंय गं टीव्हीवर?" मी विचारलं. "होडी पोचली का?"

"नो," ईशा वहीतून मान वर न करता म्हणाली. "इट्स जस्ट कमर्शिअल्स. काका येईपर्यंत."

मला भाजी घ्यायची होती, बँकेत जायचं होतं. मी पर्स बाजूला ठेवली आणि बेडकाच्या शेजारी थोडा वेळ खाली बसले. जाहिराती बऱ्याच लांबल्या.